कडी नसलेली खुर्ची

१

सत्यशीलाची चाकाची खुर्ची गेल्याचं कळलं तो गुरुवार होता.

दर गुरुवारी मी आमच्या सेवा क्लबच्या खोलीवर जातो. वॉकर पुसतो, चाकांना तेल देतो, कुबड्यांची रबरं बघतो. एसटीत कंडक्टर होतो, बसून राहायची सवय नाही. सत्यशीला, माझी बायको, गेल्यापासून तर घरात बसवतच नाही.

क्लबचं काम साधं आहे. शेवगावात किंवा आसपासच्या खेड्यात कुणाकडे आजारपण आलं की पलंग, वॉकर, कमोडची खुर्ची आमच्याकडून न्यायची, गरज संपली की आणून द्यायची. पैसे नाहीत. सत्यशीला गेल्यावर तिची खुर्चीही मी तिथेच देऊन टाकली. घरात ती रिकामी बघवत नव्हती.

त्या गुरुवारी कुलूप उघडलं तर खुर्चीची जागा मोकळी. शेजारी क्लबची नवी खुर्ची होती, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. त्या नव्या खुर्चीवर सत्यशीलाची उशी ठेवलेली. जुन्या लुगड्याची, गोधडीच्या टाक्यांची, तिने स्वतः शिवलेली. खुर्चीला बांधायला उशीच्या चारी कोपऱ्यांना नाड्या होत्या आणि त्यांना मी पक्क्या गाठी मारल्या होत्या. नाड्या कुणी कापल्या नव्हत्या. बसून एकेक गाठ सोडवलेली होती.

कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ल्या चौघांकडे. एक माझ्याकडे. एक अध्यक्ष आदिनाथ सरांकडे. एक सुरेखाकडे, ती त्याच खोलीत दुपारी शिवणवर्ग घेते. चौथी कानिफनाथकडे, तो गावात असला की घरोघरी सामान पोचवतो.

आणि कानिफनाथ बुधवारी सकाळीच बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला होता.

२

संध्याकाळी सरांनी सगळ्यांना खोलीवर बोलावलं. सगळे म्हणजे फार नाहीत, तीच अडचण आहे. क्लब इतका आटला आहे की मार्चपर्यंत माणसं वाढली नाहीत तर तो नगरच्या मोठ्या क्लबात मिसळून टाकायचा असं वरून आलंय. मग सामानही नगरला जाणार. इथल्या म्हातारीला वॉकर हवा असेल तर तिच्या मुलाने एक दिवस मोडून नगरला जायचं.

माणसं आटली ती नियमांमुळे. सर माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते, क्लब त्यांनीच काढला आणि नियमही त्यांचेच. दर रविवारी हजर राहायचं. सलग तीन रविवार चुकले की नाव कमी. आणि सदस्याने क्लबची वस्तू स्वतःच्या घरी वापरायची नाही. सुरुवातीला गावात बोललं जायचं की हे लोक देणग्या गोळा करून स्वतःच खातात, म्हणून तो नियम. सरांनी तो कधी कुणासाठी वाकवला नाही. सत्यशीलाचे पाय गेले तेव्हा आम्ही खुर्ची विकतच आणली.

त्या खुर्चीत बसून सत्यशीलाने वेगळाच विचार केला. ती म्हणायची, "सर, माणसं सेवेला तयार हायत. तुमच्या रविवाराला तयार न्हाईत." तिने सदस्यत्वाचे वेगवेगळे प्रकार सुचवले. नवरा-बायकोला मिळून एक जोडीचं, दोघांपैकी कुणीही एक आला की चाललं. नगरला एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांना सुट्टीचं. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हंगामी, गावात असतील तेवढे महिने काम. आणि एक रजेचं. घरात आजारपण आलं की सदस्याने रजा घ्यायची, नाव कायम राहील, आणि त्या काळात क्लबने त्याच्याकडे बघायचं.

सरांनी पहिले तीन प्रकार नाराजीने वर्षभर चालवून बघायला मान्यता दिली. रजेच्या प्रकाराला सरळ नाही म्हणाले. सगळ्यांवर शेवटचं मत रविवारी घ्यायचं होतं. सत्यशीला त्याआधीच गेली.

"रविवारी मत घ्यायची गरजच राहिली नाही," कल्याण म्हणाला. हा सुट्टीचा सदस्य, त्या दिवशी पाळी संपवून मुद्दाम नगरहून आलेला. आठवडाभर कारखान्यात, शनिवारी-रविवारी स्वतःचा टेम्पो घेऊन सामान पोचवतो. "हंगामी माणूस हंगामी वस्तू घेऊन गेला. तिकडे कुणाला तरी विकली असेल."

"तोंड सांभाळ," सुरेखा म्हणाली. "कानिफनाथने पावसाळाभर डोक्यावरून पलंग वाहिलेत. तू टेम्पोतून खाली तरी उतरतोस का?"

"मग खुर्ची गेली कुठे? तुमच्या वर्गातल्या पोरींनी कापून ब्लाउज शिवला?"

सर गप्प होते. मी म्हणालो, "पोलिसात सांगायचं का?"

"नको," सर लगेच म्हणाले. "पोलीस नको. मतही पुढे ढकलू."

मला नवल वाटलं. शाळेतला एक पंखा चोरीला गेला होता तेव्हा याच माणसाने सगळी शाळा मैदानात उभी केली होती.

"पुढे ढकलायचं नाही," मी म्हणालो. "रविवारपर्यंत मी शोधतो. नाही सापडली तर मीच सांगेन की सत्यशीलाची योजना बंद करा."

बोलून गेलो खरा. तिची उशी घेऊन घरी आलो, तर तिच्या फोटोकडे बघवेना.

३

दुसऱ्या दिवशी मी आधी सुरेखाकडे गेलो. तिच्या मशीनचा पट्टा तुटला होता, तो चढवता चढवता ती बोलत होती.

"भाऊ, सोमवारी खुर्ची होती. मी उशीचे टाके पोरींना दाखवले. वहिनींचा टाका बघा म्हटलं, असा सरळ घाला. मंगळवार-बुधवार वर्ग नव्हता."

"कल्याण तुझी किल्ली नेतो ना?"

"शनिवारी नेतो, रविवारी देतो. मधल्या दिवसांत तो नगरला असतो." मग थांबून म्हणाली, "भाऊ, तो तोंडाचा फटकळ आहे. चोर नाही. आणि चोर असता तरी ती कशाला नेली असती? शेजारी नवी होती."

तिथे मी पहिल्यांदा थबकलो.

आमची खुर्ची विकायला गेलं तर कुणी हात लावणार नाही अशी होती. मोठ्या चाकाच्या बाहेरून जी लोखंडी कडी असते, बसणाऱ्याने हाताने फिरवायची, ती मी वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंनी कापून घेतली होती. कारण आमच्या न्हाणीचं दार. खुर्ची आणली तेव्हा ती त्या दारात अडली. कडी काढल्यावर जेमतेम जायला लागली. सत्यशीला हसायची, "माझं स्टेरिंग काढलंत. आता न्याल तिकडं जायाचं."

म्हणजे नेणाऱ्याने नवी, चांगली खुर्ची सोडून मुद्दाम ही अरुंद, मोडकी वाटणारी नेली. विकायला नेली नाही. कुणालातरी बसवायला नेली.

पण मग बसायची उशी का ठेवून गेला?

४

सरांकडे गेलो. त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत, शिक्षक कॉलनीत. मी मास्तर नाही. एका मास्तरांची बदली झाली तेव्हा त्यांचं घर मी घेतलं. कॉलनीतली सगळी घरं सोसायटीने एकाच नकाशावर बांधलेली, एकासारखं दुसरं. सर पूर्वी आमच्याकडे येत तेव्हा दिव्याचं बटण न बघता लावत.

दार सरांनीच उघडलं.

"वहिनी?" मी विचारलं.

"केशर राहात्याला गेली. रुपालीकडे. दिवाळीपासून तिथेच आहे." रुपाली त्यांची मुलगी. "बैस. चहा टाकतो."

मी हसलो. "सर, तुम्ही?"

"का? येतो मला."

केशरबाई सगळ्या क्लबात सांगायच्या की आमच्या सरांना साखरेचा डबा दाखवला तर ते त्यात मीठ शोधतील. म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होतो. सरांनी आलं ठेचलं, दूध घातलं, चहा उकळला. आधी एका कपात थोडा चहा गाळून बाजूला ठेवला. मग पातेल्यात साखर घातली आणि आमचे दोन कप भरले.

त्या तिसऱ्या कपाकडे माझं लक्ष आहे हे बघून ते म्हणाले, "सवय. केशरला साखर चालत नाही ना."

सत्यशीला गेल्यावर मीसुद्धा कितीतरी दिवस दोन कप मांडत होतो.

"सर, खुर्ची कुणी नेली असेल?"

"ज्याला गरज होती त्याने," ते म्हणाले. मग कपाकडे बघत म्हणाले, "कानिफनाथला उगाच कुणी बोलू नका."

"मग तुम्ही काल कल्याणला गप्प का नाही केलंत?"

आत कुठेतरी भांडं पडल्यासारखा आवाज झाला. "मांजर," ते म्हणाले आणि मला बाहेर सोडायला उठले. माझा चहा अजून अर्धा होता.

५

शनिवारी सकाळची एसटी धरून मी राहात्याकडे गेलो. त्या बाजूच्या एका कारखान्याच्या उसात कानिफनाथची टोळी उतरली होती. फाट्यावर उतरून विचारत विचारत गेलो. काळ्या रानात ताडपत्रीच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आणि बैलांसाठी उसाच्या हिरव्या वाढ्यांचे ढीग. कानिफनाथ मोळी बांधत होता. मला बघून तो पळतच आला.

"रामभाऊ, तुमी? समदं बरं हाय ना?"

मी सांगितलं. सांगताना मला त्याच्याकडे बघता येईना. त्याने करगोट्याला बांधलेली किल्ली सोडली आणि माझ्या हातात ठेवली. "द्यायची राहिली. गडबडीत निघालो. एवढंच माझं चुकलं."

मनकर्णा, त्याची बायको, कोपीतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बघा की कोपीत. हाय का खुर्ची? अन् असली तरी ह्या रानात ती चालंल व्हय? बैलगाडीचं चाक रुततंय हितं. का आमी खुर्चीत बसून ऊस तोडायचा?"

"मने, गप," कानिफनाथ म्हणाला.

"का गप? सत्यशीलाबाईंनी सांगितलं म्हून तू क्लबात गेला. त्या असत्या तर अशी इचारायला मानसं आली नसती."

"मी विचारायला आलो नाही," मी म्हणालो. "मला माहीत आहे तू नेली नाहीस. रविवारी मला ते सगळ्यांना पटवायचंय. तुम्ही निघायच्या दिवशी काय काय झालं तेवढं सांगा."

मनकर्णा थोडी निवळली. चुलीवरून काळा चहा दिला.

"काय व्हायचंय. सकाळी सामान भरलं. सरांच्या घरी पाया पडाय गेलो. दरसाल केशरबाई माझी ओटी भरत्यात, मंग आमी निघतो. यंदा सरांनीच खण-नारळ आणून हातात दिला." ती पहिल्यांदा हसली. "बाप्या मानसानं दिलेला खण-नारळ मी जन्मात पयल्यांदा घेतला. मी म्हटलं, बाई कुठं? तर म्हनले, पूजेला बसलीय, उठता येत न्हाई."

"बुधवारी?"

"बुधवारीच की. त्याच दिशी तर निघालो."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मला सर म्हणाले होते की केशरबाई दिवाळीपासून राहात्याला आहेत. हिला म्हणाले की पूजेला बसल्यात.

राहाता तिथून जवळच होतं. रुपालीचं घर मला ठाऊक आहे. तिच्याकडे जाऊन विचारता आलं असतं. पण मला आता विचारायचं काही राहिलं नव्हतं, आणि उगाच त्या पोरीला घोर लावायचा नव्हता. मी परतीची एसटी पकडली.

६

खिडकीशी बसून सगळं ओळीने लावलं.

नेणाऱ्याला अरुंद खुर्ची हवी होती. म्हणजे त्याच्या घराचं दार अरुंद, आणि ही खुर्ची त्या दारातून जाते हे त्याला आधीच माहीत. तसं दार आमच्या कॉलनीतल्या घरांनाच आहे. कॉलनीत राहून किल्ली बाळगणारे दोघंच, मी आणि सर.

दुसरं, पंख्यासाठी शाळा उभी करणारा माणूस पोलीस नको म्हणाला.

पण माझी खात्री झाली ती चहावरून. मी दोन कप मांडायचो कारण आमच्या घरी सकाळचा चहा मीच करायचो. सवय करणाऱ्याच्या हाताला असते. सरांच्या घरी चहा केशरबाई करायच्या. सरांनी जन्मात कधी बिनसाखरेचा चहा आधी गाळला नव्हता. मग त्यांच्या हाताला ती सवय कुठून लागली? त्यांनी चहा करायला आत्ताच कधीतरी शिकून घेतला, तोच मुळी बिनसाखरेचा कप आधी बाजूला काढून. करणारी घरात होती, पण तिला उठता येत नव्हतं.

शेवगावला उतरलो. घरी गेलो, उशी घेतली आणि सरांचं दार वाजवलं.

सरांनी उशी बघितली आणि बाजूला झाले.

केशरबाई मधल्या खोलीत होत्या. त्याच खुर्चीत. खाली नुसती कडक बैठक, तिच्यावर घडी घातलेली चादर.

"या रामभाऊ," त्या म्हणाल्या. "मी सांगत होते यांना, काल तुम्ही आला तेव्हाच मला बाहेर आणा. मी पेला पाडला मुद्दाम. तर हे मांजर म्हणाले."

दिवाळीच्या आधी त्या न्हाणीत पडल्या. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या पायात ताकद यायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाही. रुपालीला कळलं तर ती आईला घेऊन जाईल आणि सर एकटे राहतील, म्हणून दोघांनी कुणाला सांगितलं नाही. सरांनी नगरहून खुर्ची भाड्याने आणली. ती न्हाणीच्या दारात अडली.

"मग मला म्हणायचं होतंत," मी म्हणालो.

"काय म्हणायचं होतं? तुझी बायको खुर्चीत बसून माझ्याकडे रजेचा नियम मागत होती तेव्हा मी नाही म्हणालो. आता माझ्या बायकोला तिचीच खुर्ची दे, असं म्हणू?" सर भिंतीला टेकून उभे होते. "मंगळवारी दुपारी रिक्षात घालून आणली. रिक्षावाला म्हणाला, सर कुणाकडे पोचवायची? उन्हातान्हात किती करता तुम्ही. मला वाटलं, दोन दिवसांत दुसरी करून घेऊ आणि ही परत ठेवू. तू गुरुवारी येतोस हे डोक्यातच आलं नाही."

"आणि कानिफनाथ?"

"त्याचं नाव निघालं तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडेना. वर्गात चुकलेल्या पोराचं व्हायचं तसं झालं."

"उशी का ठेवलीत?"

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू हे विचारायची गरजच नव्हती. "खुर्ची तू क्लबला दिली होतीस. उशी दिली नव्हतीस, ती विसरून राहिली होती. ती सत्यशीलाची. ती कशी नेणार?"

मी खाली बसलो. केशरबाईंना सरांनी हात देऊन उठवलं, मी उशी घातली, गाठी मारल्या. बसल्यावर त्यांनी उशीवरून हात फिरवला.

"सरळ टाका आहे हो," त्या म्हणाल्या. "माझा नेहमी वाकडा जातो."

७

रविवारी सर केशरबाईंना खुर्चीत घेऊनच खोलीवर आले. वाटेत गावाने बघितलं ते बघितलं. दारात कल्याण उभा होता, तो बाजूला व्हायचंही विसरला.

सरांनी काही लपवलं नाही. खुर्ची मी नेली, नियम मी मोडला, आणि माझ्यामुळे कानिफनाथवर आळ आला, असं उभं राहून सांगितलं. अध्यक्षपद सोडतो म्हणाले.

"ते नंतर बघू," सुरेखा म्हणाली. "आधी फोन लावा."

कानिफनाथला फोन लावून टेबलावर ठेवला. मागे ऊस पडत असल्याचा आवाज येत होता. सर फोनजवळ वाकले आणि जे आम्हाला सांगितलं तेच सगळं त्याला पुन्हा सांगितलं.

पलीकडून मनकर्णाचा आवाज आला. "केशरबाईंचा पाय कसा हाय?"

"बरा होईल गं," केशरबाई म्हणाल्या. "ये परत, मग ओटी मी भरते."

कल्याणने फोन हातात घेतला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलला. आला तेव्हा डोळे लाल होते. त्याने माझ्याकडून कानिफनाथची किल्ली मागून घेतली. शनिवारी तिकडे जाऊन स्वतः त्याच्या हातात देणार म्हणाला.

मत घेतलं. फोनवरून कानिफनाथ आणि मनकर्णा यांचंही मोजलं, सरांच्या जुन्या नियमात ते बसलं नसतं. चारही प्रकार मंजूर झाले. रजेचं पहिलं सदस्यत्व सरांनी मागितलं आणि अध्यक्षपद कुणी सोडू दिलं नाही, म्हणून आता आमचे अध्यक्षच रजेवर आहेत.

त्यानंतर बरीच माणसं आली. कॉलनीतल्या दोन मास्तरीणबाई, सुरेखाच्या वर्गातल्या सुना, कानिफनाथच्या टोळीतली आणखी काही घरं हंगामी म्हणून. मार्चचं संकट टळलं असं सर म्हणतात. वेल्डिंगवाल्याला सांगून नव्या खुर्चीचीही कडी काढून ठेवली आहे, कॉलनीत पुन्हा कुणाला लागली तर.

सुरेखा सगळ्यांची नावं त्या त्या प्रकारात नव्याने घालत होती. माझ्यापाशी येऊन थांबली. "भाऊ, तुमचं काय लिहू?"

आमचं जोडीचं होतं. क्लबातलं पहिलं.

मी म्हणालो, नंतर बघू. ते एकट्याच्या नावाने करून घ्यायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.